संस्थेचं छप्पर : हिंगण्याच्या झोपडीपासून हरित कचेरीपर्यंत

मागच्या वेळी आपण पुण्यातल्या सार्वजनिक संस्थांच्या घटना आणि नियमावल्या पाहिल्या. म्हणजे संस्था कागदावर कशी उभी राहते, ते पाहिलं. आज ती जमिनीवर कशी उभी राहते ते पाहू. छप्पर, भिंती, टेबलं, खुर्च्या. विषय साधा वाटेल, पण आमच्या अनुभवात पुण्यातल्या संस्थांमध्ये तत्त्वांवरून जेवढी भांडणं झाली त्याहून अधिक इमारतीवरून झाली.

निमित्त सांगतो. ज्या एका छोट्या संस्थेवर आम्ही बरीच वर्षं विश्वस्त होतो, तिच्या आताच्या मंडळींनी आम्हाला बोलावून घेतलं. कचेरी अपुरी पडते आहे, विस्तार करायचा आहे, आणि तो पर्यावरणपूरक, टिकाऊ असा करायचा आहे. त्यासाठी एक समिती केली आहे, तर तुम्ही तिच्यावर या. आम्ही म्हटलं, अहो, आमचा विषय तत्त्वज्ञान. आमच्या घरातला नळ तीन महिने गळत होता, तो शेवटी शेजाऱ्यांनी दुरुस्त केला. तर ते म्हणाले, "सर, आर्किटेक्ट आहेत आमच्याकडे. विस्तार करावा की नाही, हे सांगणारं कुणी नाही." हा प्रश्न मात्र आमच्या प्रांतातला होता. म्हणून गेलो. आणि जाण्याआधी, सवयीप्रमाणे, मागे वळून पाहिलं की आपल्या गावात आधी कुणी कसं केलं.

सुरुवात हिंगण्यापासून करायला हवी. अण्णासाहेब कर्वे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, १८९१पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी म्हणजे विधवेशी विवाह केला आणि त्याची सामाजिक किंमत मोजली. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. डॉ. रा. गो. भांडारकर अध्यक्ष. पदरचे एक हजार रुपये कर्व्यांनी त्यात घातले. आश्रम आधी पुण्यातच होता. मग प्लेग आला. पुण्यात प्लेगच्या दिवसांत दाटीच्या वस्तीत मुलींना ठेवणं धोक्याचं, आणि विधवांच्या आश्रमाला गावात जागा मिळणं मुळातच अवघड. तेव्हा रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जागा दिली आणि बांधकामासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या उजाड माळरानावर एक झोपडी उभी राहिली. आजचं कर्वेनगर ते हेच. ती झोपडी संस्थेनं अजून जपून ठेवली आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी, प्रवेशासाठी काही विद्वत्ता लागत नाही.

आता या झोपडीबद्दल आपल्याकडे बोलण्याची एक ठरलेली रीत आहे. साधेपणा, त्याग, केवढीशी झोपडी आणि आज केवढा वटवृक्ष. हे सगळं खरंच आहे. पण आमच्या डोक्यात समितीचा प्रश्न होता, म्हणून आम्ही त्या झोपडीकडे जरा हिशेबनिसाच्या नजरेनं पाहिलं. तर असं दिसलं की झोपडी स्वस्त होती, कारण तिची खरी किंमत दुसऱ्याच खात्यावर पडत होती. कर्व्यांच्या पायांवर. आश्रम हिंगण्याला, नोकरी फर्ग्युसनमध्ये. मधे चारेक मैलांची वाट, पावसाळ्यात चिखलाची, धड रस्ता नाही. दिवसभर गणित शिकवायचं आणि मग आश्रमाला लागणारं सामान घेऊन पायी हिंगणं गाठायचं, सकाळी परत. हे एकदोन दिवस नव्हे, त्यांनी पुढे दीर्घकाळ केलं.

म्हणजे जागा फुकट, बांधकाम साडेसातशे रुपयांत, आणि अंतराचा खर्च एका माणसानं देहानं भरलेला. कर्व्यांना तो परवडला, कारण ते कर्वे होते. एकशे चार वर्षं जगले. पण सगळ्या संस्था कर्व्यांच्या भरवशावर चालत नाहीत. आज पुण्यातली एखादी संस्था म्हणते, की पेठेतली जागा अडचणीची आहे, पिरंगुटच्या पुढे कुणीतरी अर्धा एकर देतंय, तिथे आपण छान हरित इमारत बांधू, वर सौर पॅनेल, खाली शोषखड्डा. बांधा की. पण पंधरा कर्मचारी रोज पंधरा दुचाक्यांवरून पंचवीस किलोमीटर जाणार आणि पंचवीस किलोमीटर येणार, ते पेट्रोल कुणाच्या खात्यावर? इमारतीच्या वीजबिलात ते दिसत नाही, आणि जी बाई मदत मागायला पीएमटीनं येत होती ती तिथवर येणारच नाही, तेही कुठे दिसत नाही. (पीएमपीएमएल म्हणायचं असतं आता. आमच्या तोंडी पीएमटीच बसलंय.) जागा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, असं आम्ही समितीला पहिल्याच बैठकीत सांगितलं.

हिंगण्याची दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. आधी काम, मग छप्पर. मुली वाढल्या तशा खोल्या वाढल्या. १९०७ साली महिला विद्यालय निघालं, १९१६ साली महिला विद्यापीठ. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिल्या वर्गात विद्यार्थिनी किती? पाच. विद्यापीठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आधी घुमट येतो, कमान येते, कोनशिला येते. इथे आधी पाच मुली आल्या. विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख आले ते १९२० साली, आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं. मधल्या काळात पार्वतीबाई आठवले वर्गणी गोळा करत हिंडत होत्या, पार अमेरिकेपर्यंत गेल्या. त्या कर्व्यांच्या मेहुणी, स्वतः विधवा, आणि इंग्रजी उतारवयाकडे झुकताना शिकलेल्या. त्या बाईंनी एकेक रुपया कसा आणला हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या रुपयातून गरज नसलेली खोली बांधताना थबकेल.

थबकेल, असं आम्ही म्हणतो. आम्ही स्वतः थबकलो नव्हतो, ते पुढे सांगूच.

आता गावात परत येऊ. १२ जून १९०५. फर्ग्युसनमागच्या टेकडीवर पहाटे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शपथ घेतली आणि द्रविड, देवधर, पटवर्धन या तिघा सोबत्यांना दिली. भारत सेवक समाज तो हा. सभासदानं स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, समाज जे देईल त्यात भागवायचं, ही त्या शपथेतली एक अट. त्या समाजाला जागा मिळाली, वास्तू झाल्या, ग्रंथालय झालं. पण आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वर्ष आहे १९३०. रावबहादुर रा. रा. काळे यांनी अर्थशास्त्राच्या अभ्याससंस्थेसाठी देणगीचे पैसे दिले. कुणाला दिले? नव्या संस्थेला नव्हे. भारत सेवक समाजाला, विश्वस्त म्हणून. आणि गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली ती भारत सेवक समाजाच्याच आवारात. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. जागा तीच, झाडं तीच, ग्रंथालयाचा आधार तयार. वेगळी जमीन घ्या, वेगळं कुंपण घाला, वेगळा पहारेकरी नेमा, असं काही झालं नाही.

ही गोष्ट आम्ही समितीत सांगितली तेव्हा एक तरुण विश्वस्त म्हणाले, "सर, हे डिझाइन नाही." आम्ही म्हटलं, हेच डिझाइन. जी भिंत बांधावी लागली नाही, तिच्याइतकी हरित भिंत दुसरी नाही. एक टन सिमेंट तयार करताना पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. थोडा चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो, थोडा भट्टीच्या इंधनातून. आणि सळईचं पोलाद वेगळंच. इमारत उभी राहण्याआधीच हे कर्ज आपल्या नावावर चढतं. नंतर छपरावर पॅनेल लावून ते फेडायला वर्षं लागतात. शेजारच्या संस्थेचं सभागृह महिन्यातले पंचवीस दिवस रिकामं असेल, तर ते भाड्यानं घेणं हा पर्यावरणाचाच निर्णय आहे. पण पुण्यात शेजारच्या संस्थेचं सभागृह मागायचं म्हणजे, अहो, आधी तीन पिढ्यांचे मतभेद मिटवायला लागतात. असो.

आता साधेपणाच्या बाजूनं बोलताना आपण सगळे सेवाग्रामला जातो, तसे आम्हीही जाऊ, पण थोडक्यात. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम. बापू कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, बांबू, कौलं. गांधीजी तिथे राहायला आल्यावर तिला गरजेप्रमाणे भाग जोडत गेले. आणि शेजारी कचेरी झाली, जिथे व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी टेलिफोन आला. एका साम्राज्याशी वाटाघाटी चालवणारी कचेरी एवढ्याशा जागेत मावली. तेव्हा आमची जमाखर्चाची आणि अहवालांची कचेरी का मावू नये, हा प्रश्न मनात येतोच.

पण इथे सावध व्हायला हवं. मातीची भिंत म्हटलं की आपल्याकडे हल्ली एक हळवेपणा येतो. पुण्याच्या माणसानं तरी तो आवरावा. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं त्या दिवशी या गावातल्या मातीच्या भिंतींचं काय झालं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. जुन्या वाड्यांना जोतं दगडी, पण वर पांढऱ्या मातीचं बांधकाम. ती माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, थंडीत उबदार, पण पाण्यात बुडाली की विरघळते. नारायण पेठ, शनिवार पेठ इथले वाडे बसले ते असे. म्हणजे जुनं ते टिकाऊ, हा काही सिद्धान्त होऊ शकत नाही. मातीची भिंत कुठे, किती उंच जोत्यावर, तिला पावसाचा झोत लागणार की नाही, नदी किती लांब, हे सगळं पाहायचं. आमच्या विषयात आम्ही याला उपाधी म्हणतो. अटीविना नियम सांगणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा काहीतरी विकत असतो.

आता आमची चूक.

नव्वदीच्या दशकात याच संस्थेनं एक विस्तार केला होता आणि आम्ही त्या वेळी विश्वस्त मंडळावर होतो. जुना भाग दगडी, ठेंगणा, जाड भिंतींचा. आम्हा सगळ्यांना तो कळकट वाटायचा. देणगी मिळाली. देणगीदारांची इच्छा होती की इमारत रस्त्यावरून दिसावी. रस्ता पश्चिमेला. मग पश्चिमेला पूर्ण काच लावली. नकाशा आमच्या पुढ्यात ठेवला होता, आम्ही त्यावर सही केली. उद्घाटन थंडीत झालं, सगळ्यांनी वाहवा केली. बैठकीची खोली उत्तरेला, छान गार. विश्वस्त तिथे महिन्यातून एकदा बसायचे. आणि पश्चिमेच्या काचेशी कोण? हिशेब लिहिणारे, टंकलेखन करणारे, नोंदी ठेवणारे.

एप्रिलमध्ये काचेवर वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसली. आम्ही जरा रागानंच विचारलं, हे काय, बाहेरून किती वाईट दिसतंय. तिथे काम करणाऱ्या एक बाई होत्या, संस्थेत आमच्याहून जुन्या. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही एकदा दुपारी तीनला इथे बसून बघा ना." बस्स. आवाज चढवला नाही, काही नाही. आम्ही बसलो. वीस मिनिटं बसलो आणि उठलो. पुढे त्या खोलीत वातानुकूलन यंत्रं बसली, मग विजेचं बिल वाढलं, मग बिल वाढलं म्हणून ती दुपारी दोनलाच लावायची असा ठराव झाला. त्या ठरावावरही आमची सही आहे.

पुण्याची हवा खरं म्हणजे इमारतीवर मेहेरबान आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, रात्री गार होणारं गाव. एप्रिल-मेमध्ये दुपार अडतीस-चाळीस अंशांची, पण संध्याकाळी वारा सुटतो. इथल्या कचेरीला दिवसातले चार तास सांभाळायचे असतात, तेही वर्षातले अडीच-तीन महिने. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, पश्चिमेला जिना, शौचालय, कपाटं, जे काय उन्हात तापलं तरी चालेल ते ठेवा. दक्षिणेला छज्जा द्या, समोरासमोर खिडक्या द्या. वरच्या स्लॅबवर कोबा घालून चायना मोझॅक करा, पांढऱ्या तुकड्यांचं. हे गवंड्यालाही माहीत असतं. ते आम्हाला, पीएच.डी.वाल्यांना, माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं, पण रस्त्यावरून दिसण्याचा मोह मोठा होता.

इथे एक शब्द मांडतो, कारण इतिहास सांगताना आम्हाला तो सारखा आठवत राहिला. योगक्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली असतो, त्यामुळे आपल्याला तो हप्त्यासारखा ऐकू येतो. पण गीतेवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी त्याची नीट फोड केली आहे. योग म्हणजे जे मिळालेलं नाही ते मिळवणं. क्षेम म्हणजे जे मिळालं आहे ते राखणं. आता आपल्या संस्थांच्या जमाखर्चाकडे या दोन शब्दांतून पाहा. योगासाठी देणगी मिळते. नवी इमारत, नवं सभागृह, नवा मजला, त्यावर नावाची पाटी. क्षेमासाठी देणगी मिळत नाही. गच्चीची गळती थांबवली, त्याची कोनशिला आम्ही तरी अजून पाहिलेली नाही. 'या पन्हळीची साफसफाई अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कुणी कोरून ठेवत नाही. आणि इमारत हरित असो की काळी, ती टिकते क्षेमावर.

हे हरित इमारतींच्या बाबतीत अधिकच खरं आहे. आपल्या देशात या चळवळीला संस्थात्मक रूप आलं ते साधारण गेल्या पंचवीस वर्षांत. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००४ साली हैदराबादला उद्योग महासंघाच्या हरित केंद्राचं उद्घाटन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केलं. बडोद्याचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी ते केलं. अमेरिकेतल्या लीड पद्धतीचं सर्वोच्च, प्लॅटिनम मानांकन त्याला मिळालं, आणि इमारत पाहिली तर काय? मधे चौक, जाळ्या, वारा आत घेणारे मनोरे. म्हणजे आजीच्या घरातलं बरंच काही. २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली, 'गृह' ही आपली देशी मानांकन पद्धत सरकारनं स्वीकारली. आपल्या पुणे महापालिकेनं सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकत करात पाच ते दहा टक्के सवलत ठेवली.

सगळं चांगलं. पण जरा संध्याकाळी कुठल्याही उंच गच्चीवरून कोथरूडकडे पाहा. किती सौर बंब गंजून पडलेत, किती नळ्या फुटक्या. पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणारा पाइप असतो, त्याचा गाळणीचा खड्डा पहिल्या वर्षी साफ होतो, दुसऱ्या वर्षी पानांनी भरतो, तिसऱ्या वर्षी त्यावर कुंडी येते. मानांकनाची चकचकीत पाटी मात्र दारात असते. म्हणजे योग झाला, क्षेम राहिलं.

क्रिस्टोफर बेनिंजर यांचं उदाहरण आम्हाला फार बोलकं वाटतं. हे अमेरिकेत जन्मलेले वास्तुविशारद पुण्यात आले आणि १९७६ साली त्यांनी इथे विकास-अभ्यासाची एक ना-नफा संस्था काढली, सीडीएसए. २०२४ साली पुण्यातच वारले. त्या संस्थेचं बावधनचं आवार पाहा. दगडी भिंती, उतरती कौलारू छपरं, मधे चौक. दगड आपलाच, दख्खनचा काळा. आणि त्याच माणसानं पुढे सुझलॉन कंपनीसाठी हडपसरला वन अर्थ ही कचेरी केली. लीड प्लॅटिनम, 'गृह'चे पाच तारे. पवनचक्क्या, सौर पॅनेल, काचेवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या, ठेंगण्या इमारती, मधे पाणी. दोन्ही त्याच हातच्या. कोणती अधिक हरित, असं आम्हाला विचाराल, तर दुसरीसाठी यंत्रं चालवणारा प्रशिक्षित ताफा लागतो आणि कंपनीला तो परवडतो. पहिलीसाठी पावसाळ्यापूर्वी कौलं चाळणारा माणूस लागतो. आमच्या संस्थेकडे ताफा नाही. तेव्हा आमच्यासाठी पहिली. उद्या कौलं चाळणारा माणूसच मिळेनासा झाला, तर हे मत आम्ही बदलू.

आता समितीत काय झालं ते सांगतो, कारण काही श्रोत्यांना तेवढंच ऐकायचं असेल.

तीन प्रस्ताव होते. सगळं पाडून पाच मजली, मानांकनवाली इमारत. दुसरा, शहराबाहेर जागा. तिसरा, आहे ती डागडुजी. तिसऱ्या प्रस्तावाला कुणी वाली नव्हता, कारण त्यात छायाचित्र काढण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सुचवलं, आधी एक महिना फक्त मोजू या. कोण कुठे किती वेळ बसतं, कोणती खोली किती दिवस वापरात असते. दोन मुलींनी वही घेऊन नोंदी केल्या. कळलं ते असं, की सर्वांत मोठी, उत्तरेची, गार खोली, म्हणजे आमचीच ती बैठकीची, महिनाभरात दोनदा उघडली. एकदा बैठकीसाठी आणि एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकसाठी. एक संपूर्ण खोली जुन्या फायलींनी भरलेली, त्यातल्या निम्म्या छापील अहवालांच्या उरलेल्या प्रती. जागा कमी नव्हती. जागा विश्वस्तांच्या आणि कागदांच्या ताब्यात होती.

मग ठरलं असं. उत्तरेच्या खोलीत कर्मचारी बसतील. विश्वस्त जिथे जागा मिळेल तिथे बसतील. पश्चिमेची काच काढून विटांची भिंत, वर जाळी, आणि तिथे फायली. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, दगडी भाग ठणठणीत निघाला. नव्वदीतल्या आमच्या भागाच्या स्लॅबला सळया गंजल्यामुळे दुरुस्ती लागणार. हे ऐकताना आम्ही खाली पाहत होतो. नवं बांधकाम मागच्या अंगणाच्या एका बाजूला, एकच मजला, पण पुढे वर चढवता येईल असा पाया. अंगणातला कडुनिंब ठेवून. गच्ची दोन हजार चौरस फुटांची, तिच्यावर पुण्याच्या सरासरी सातशे मिलिमीटर पावसात वर्षाला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. गळती, बाष्प सोडून लाखभर हाती लागेल. ते साठवायला दहा टँकर मावतील एवढी टाकी नको, बोअरमध्ये सोडायचं. सौर पॅनेल दहा किलोवॉटचे, दिवसाला चाळीसेक युनिट. अर्धी गच्ची त्यात जाते.

एक गोष्ट मात्र आमच्या हिशेबातून पूर्ण निसटली होती. आम्ही काटकसरीवर बोलत होतो, पायऱ्या, दगड, ठेंगणं बांधकाम. नोंदी करणाऱ्या त्या दोघींपैकी एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्याकडे येणाऱ्यांत कुबड्यांवर येणारे किती आहेत, ते आम्ही मोजलंय. सांगू का?" तिनं आकडा सांगितला. दगडी भागाला सहा पायऱ्या आहेत, आणि वरच्या मजल्यावर समुपदेशनाची खोली. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आम्ही वाचलेला होता, तरी त्या सहा पायऱ्या इतकी वर्षं आमच्या डोळ्यांना दिसल्या नव्हत्या. उतार करायचा तर अंगण जातं, लिफ्ट बसवायची तर वीज आणि पैसा. साधेपणाचं ओझं नेहमी तिसऱ्याच माणसाच्या पायांवर पडतं, हे हिंगण्याबद्दल इतक्या ऐटीत बोलून आम्ही आपल्याच कचेरीत विसरलो होतो. समुपदेशन खाली आणायचं, उतार करायचा, आणि लिफ्टसाठी खड्डा आत्ताच करून ठेवायचा, असं ठरलं. यावर एकमत झालेलं नाही. दोन विश्वस्तांनी आपलं विरोधी मत लिहून दिलं आहे आणि एकाचं म्हणणं तर अगदीच चुकीचं नाही. त्यांच्या मते हाच पैसा लोकांच्या घरी जाऊन काम करण्यावर खर्च करावा, म्हणजे कुबड्या घेऊन कुणाला कचेरीत यावंच लागणार नाही.

हिंगण्याचं एक सांगायचं राहिलं. ज्या संस्थेची ती झोपडी, त्याच महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९४ साली त्याच आवारात मुलींसाठी वास्तुकलेचं महाविद्यालय काढलं, भानुबेन नानावटी महाविद्यालय. तिथे पर्यावरणीय वास्तुरचना हा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. आमच्या समितीचं काम एका तरुण वास्तुविशारद बाईंकडे दिलंय. कामाच्या अंदाजपत्रकात त्यांनी एक कलम घातलं, जे आम्ही आजवर कुठल्या अंदाजपत्रकात पाहिलं नव्हतं : एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम वेगळ्या ठेवीत, आणि तिच्या व्याजातून फक्त देखभाल. पन्हळी, गाळणी, पॅनेल पुसणं, गच्चीचा कोबा. खजिनदार म्हणाले, देणगीदार याला पैसे देणार नाहीत. त्यावर आम्ही एक पत्र लिहून पाहिलं. पाच जणांना पाठवलं. चौघांचं उत्तर नाही. पाचव्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी धनादेश पाठवला आणि सोबत चिठ्ठी, की पाटी नको, पण पावसाळ्याआधी पन्हळी साफ झाल्या की फोन करून कळवा.

तेव्हा मे महिन्यात तो फोन करायचा आहे. इथे थांबतो आम्ही. प्रश्न असतील तर घेऊ.